लाइन धरा, दोन-चौदा

“लाइन धरा,” असं म्हणताना त्या डाव्या हाताचं एक बोट वर करायच्या. पलीकडच्या माणसाला ते बोट दिसायचं नाही, पण खोलीतल्या माणसाला दिसायचं आणि तो गप्प व्हायचा. अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळी कंपनी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची. पुढे कंपनी बंद पडली, टेलिफोनच्या लाइनी जोडायचा त्यांचा बोर्ड भंगारात गेला. बोट मात्र शेवटपर्यंत वर होत राहिलं.

मी डिस्पॅचला होतो. एक्स्टेन्शन दोनशे चौदा. माझं नाव बाईंना ठाऊक होतं, लग्नात आहेराच्या पाकिटावर त्यांनी ते व्यवस्थित लिहिलं होतं. पण हाक कायम “दोन-चौदा”. नंतर बदलापूरला मांजर्लीत योगायोगाने एकाच इमारतीत राहायला आलो, तरी जिन्यात आपलं तेच. “काय दोन-चौदा, पिशवीत मेथी का?” माझी बायको आधी बिचकली. मग चिडली की तीही मला दोन-चौदा म्हणू लागली. आता बोला!

दर रविवारी नऊ वाजता बाई फोन घेऊन बसायच्या. कंपनीतली जुनी माणसं, बत्तीस जण, कोणी उल्हासनगरात, कोणी अंबरनाथला, एकजण पार जांभूळ गावात. प्रत्येकाला एक फोन. “चहा झाला? गोळी घेतली? बरं. लाइन सोडते.” मिनिटभरात संपलं. मी एकदा विचारलं, बाई, हे कोणी सांगितलंय तुम्हाला? तर म्हणाल्या, “बोर्ड गेला म्हणून लाइनी कापायच्या का?”



मग त्यांचा मुलगा अमेरिकेहून आला आणि त्याने आईच्या हातात तो मोबाइल ठेवला. “आई, हा फ्लॅगशिप आहे. कंपनीचा सगळ्यात भारी.” बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “एवढासा? आणि यात आपला सगळा बोर्ड मावतो?” पूर्वी ड्युटी संपली की त्या बोर्डावर भरतकामाचा रुमाल टाकायच्या. आता तोच रुमाल रात्री मोबाइलवर.

आम्ही दोघं उल्हासनगरच्या मोबाइल बाजारात त्याला कव्हर घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी, मोठा बोलका. त्याने फोन उलटासुलटा केला आणि डोळेच मोठे केले. “मॅडम, ये तो अमेरिका का पीस है! इसमें सिम का खाँचा ही नहीं!” खरंच नव्हता. नंबर म्हणे आतल्या आत भरायचा. त्यासाठी बाईंनी सिम कंपनीच्या दुकानात तीन खेपा घातल्या आणि तिसऱ्या खेपेला नंबर आत भरूनच उठल्या. दुकानातल्या पोराने शेवटी हात जोडले. बाईंनी त्याला घरून आणलेला बेसनाचा लाडू दिला.

कॅमेरा तर असला की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांनी समोरच्या इमारतीची टाकी जवळ आणून पाहिली आणि तिथल्या सेक्रेटरीला फोन लावला. “तुमची टाकी वाहतेय. मी काही चढून आले नाही, घरातून दिसतंय.” त्या बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या खिडकीला कागद लावला.

एका बाबतीत मात्र बाई कोणाचं ऐकायच्या नाहीत. मोबाइलवर नवीन अपडेट आलं की त्या क्षणी करायचं. मी सांगायचो, बाई, आठ दिवस थांबा, आधी दुसऱ्यांचे फोन बिघडू द्या. छे! “टेलिफोन खात्याचा लाइनमन दारात आला, तर त्याला ‘उद्या या’ म्हणायचं नसतं, दोन-चौदा. त्याचा उद्या थेट दिवाळीला उगवतो.” तीस वर्षं त्या धाकात काढलेली बाई. तिला कोण समजावणार?

तर एका शनिवारी संध्याकाळी लाइनमन आला. बाईंनी त्याला आत घेतला. तासाभराने मोबाइल चालू झाला, नवी नवी चित्रं दिसू लागली, इंटरनेट धो धो चालू. रविवारी नऊ वाजता बाईंनी पहिला नंबर लावला. टुक् टुक् असा आवाज आणि कट. दुसरा, कट. तिसरा, कट. कोणाचा फोन येईना, यांचा जाईना. जगातल्या सगळ्या गोष्टी करणारा मोबाइल फोन तेवढा करीना!

मी हसलो. हसायला नको होतं. कारण बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “एक-नऊचं काय करू?”

एक-नऊ म्हणजे एक्स्टेन्शन एकशे नऊ, आमचा बॉयलर अटेंडंट. अंबरनाथच्या बुवापाड्यात एकटा राहतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बटणांचा साधा फोन, त्यावरचं नाव दिसत नाही. फसवणाऱ्यांच्या फोनचा धसका घेतल्यापासून तो कोणाचाच फोन उचलत नसे. म्हणून शेजारच्या मुलीकडून बाईंनी स्वतःच्या नंबरला वेगळी धून लावून घेतली होती, सनईची. सनई वाजली की बाई, बाकी वाजेना का कितीही. ऑपरेशनला तो वर्षभर नाही नाही म्हणत होता. बाईंनी दर रविवारी थोडं थोडं करून त्याला वळवलं होतं. सोमवारी सकाळची वेळ मिळाली होती. आणि त्याची अट एकच, “रविवारी तुम्ही फोनवर सांगा, मग जातो. फोन नाही आला तर जायचं नाही असं समजेन.”

“अहो, मग रिक्षाने जाऊन सांगू या की!” मी म्हणालो.

“तो ऐकायचा नाही. तोंडी निरोपावर बॉयलर पेटवायचा नाही, असा नियम होता. मॅनेजरची परवानगी माझ्या लाइनवरून जायची, तेव्हाच तो पेटवायचा. माझा नंबरच वाजायला हवा.”

नंबर दुसऱ्या मोबाइलमध्ये घ्यायचा तर सिमचं दुकान रविवारी बंद. मग माझ्या फोनवरून सिम कंपनीला लावला. ते म्हणाले, मोबाइल कंपनीला विचारा. मोबाइल कंपनी म्हणाली, सिमवाल्यांना विचारा. दोनदा असं झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो. लगेच बाईंचं बोट वर. “तिच्यावर ओरडायचं नाही. बोर्डावर बसून बघा एक दिवस.” मग माझ्या हातातून फोन घेऊन सिम कंपनीच्या मुलीला म्हणाल्या, “बाळा, जेवलीस का?”

ती मुलगी हसली. मग म्हणाली, “नाही मॅडम, दीडला ब्रेक आहे.”

“मग दीडच्या आत संपवू. लाइन धर हं.”

आणि मग बाईंनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी माझ्या बायकोचा मोबाइल मागवून घेतला, त्यावर मोबाइल कंपनीला लावलं, दोन्ही फोन स्पीकरवर टाकले आणि टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर उलटसुलट निजवले, याचं तोंड त्याच्या कानाशी. “बोला,” बाई म्हणाल्या, “तुमची लाइन जोडलीय. इकडे सिम, तिकडे मोबाइल. समोरासमोर काय ते ठरवा, मी ऐकतेय.”

“नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?” ही म्हणाली.

“नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?” मोबाइल कंपनीचा पोरगा म्हणाला.

“सर, आपला मोबाइल नंबर सांगता?”

“मॅडम, पहले आप अपना नंबर बताइए.”

माझी बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. “दोघांनी नंबर विचारून झाले? आता कामाचं बोला.” आणि काय सांगू, ती दोन पोरं खरंच बोलू लागली! तो म्हणाला, आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमच्याकडून कॉलिंग एकदा बंद करून पुन्हा चालू करा. ती म्हणाली, थांबा, बघते. कीबोर्ड खडखडला. “मॅडम, केलंय. पण चार तास लागू शकतात.”

“लागू देत. आता जेवायला जा,” बाई म्हणाल्या. “तूसुद्धा रे.” टॉवेलवरच्या दोन्ही फोनमधून एकदमच “थँक्यू” आलं.

बाई मोबाइल मांडीवर घेऊन बसल्या. दर पाच मिनिटांनी बंद, चालू. मला ते बघवेना. भाजी आणतो असं सांगून खाली उतरलो आणि सरळ रिक्षा करून बुवापाडा गाठला.

एक-नऊ दारातच बसला होता. मागे पिशवी भरलेली, वर टॉवेल. म्हणजे जायचं मनात होतं की नाही? मी सगळं समजावलं. बाईंचा फोन बिघडलाय, उद्या आठला रिक्षा येईल, मी येतो बरोबर. तो माझ्या आवाजाच्या दिशेने बघत म्हणाला, “दोन-चौदा, तोंडी निरोपावर बॉयलर पेटवत नसतात.”

“अहो बॉयलर कसला, डोळा आहे डोळा!”

“बाईंचा रविवार कधी चुकला नाही. आज चुकला, म्हणजे काहीतरी असेल. राहू द्या.”

मला रागही आला आणि भीतीही वाटली. हा आता परत कधी तयार होणार? मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो. त्याने चाचपडत चहा केला, साखर दोनदा घातली. तीन वाजले. साडेतीन झाले. चहाचा दुसरा कप माझ्या हातात आला आणि आत खाटेवर सनई वाजली.

तो माणूस उठून ताठ उभा राहिला. हात शर्टाला पुसला, फोन कानाला लावला. “बॉयलर बोलतोय.”

फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. “एक-नऊ, उद्या सकाळी आठ वाजता. पेटवा.”

“पेटवतो, बाई.”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सांगायला लाज कसली? लगेच फोनमधून पुढचं आलं, “आणि दोन-चौदा तिथेच बसलेत ना? त्यांना म्हणावं, येताना खरंच भाजी घेऊन या.”

ऑपरेशन झालं, दुसराही डोळा झाला. एक-नऊ आता बसचा नंबर लांबून वाचून दाखवतो, कोणी विचारलं नाही तरी.

गेल्या वर्षी बाई मुलाकडे गेल्या, कायमच्याच. निघण्याच्या दिवशी खाली टॅक्सी उभी, सामान चढलेलं, सगळी इमारत जिन्यात, आणि बाईंच्या मोबाइलवर अपडेट आलं. “बाई, आता नको!” आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. बाईंनी बोट वर केलं. “लाइनमन दारात आलाय.” टॅक्सी वळली तेव्हा मांडीवरच्या रुमालावर मोबाइल बंद पडलेला आणि बाई आम्हाला हात हलवत होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी नऊला उगाचच फोनजवळ बसलो. सव्वानऊ झाले. त्या अपडेटने पुन्हा घात केला की काय! बाईंची नंबरांची वही तरी आपल्याला द्यायला हवी होती, असंही वाटलं. खरं सांगतो, थोडा रुसलोच होतो. साडेनऊला फोन वाजला. बुवापाडा.

“दोन-चौदा? चहा झाला? गोळी घेतली?”

“झाला. घेतली,” मी म्हणालो.

“बाईंनी वही मला दिलीय, मोठ्या अक्षरांत लिहून. स्वतः वाचून लावतोय मी नंबर,” एक-नऊ म्हणाला. “लवकर बोला हो, अजून अठ्ठावीस लाइनी राहिल्यात.”