कर्णिकबाई आणि गाळलेली चार नावं

हरप्रीतचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होते. "सुन, मैम नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. कर्णिकबाई गेल्या त्याला महिना होऊन गेला. दुःख थोडं ओसरलंय. राग मात्र ओसरत नाही.

दिल्लीतल्या आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या. वर्गाच्या त्या मैम. तास संपला की माझ्याशी मराठीत बोलायच्या, म्हणून माझ्या बाई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी केबल येत होती आणि शेतं बुजवून द्वारका ही नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या जुन्या गावांतल्या विहिरींचं पाणी किती खाली चाललंय, हे मोजायचा प्रकल्प विभागाला मिळाला. बाईंनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या चौघांना त्यात घेतलं: हरप्रीत, सलीम, रेणू आणि मी. विभागप्रमुख हसले, "ये बच्चे रिसर्च करेंगे या चाय लाएँगे?"

"चाय मैं ले आऊँगी, सर," बाई म्हणाल्या.

आणायच्याही. सुट्टीच्या दिवशी थर्मास घेऊन आमच्याबरोबर बसने यायच्या. आम्ही विहिरीत टेप सोडायचो, त्या काठावर उभ्या. एकदा एका विहिरीचा आकडा भलताच खाली आला. सलीमने तो बाकीच्यांशी जुळेल असा करून लिहिला. बाई रागावल्या नाहीत. त्याला उन्हातून परत घेऊन गेल्या, पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच. "अब सोचो, क्यों?" सलीम आसपास हिंडला आणि पत्र्याच्या कुंपणामागे त्याला बिल्डरची बोअर सापडली. येताना बसमध्ये तो मोठमोठ्याने गात होता.

शोधनिबंध छापून आला. त्यात ती बोअर होती, सलीम नव्हता. आम्ही कुणीच नव्हतो. पहिलं नाव प्रमुखांचं, दुसरं बाईंचं. आमची चारही नावं प्रमुखांनी परस्पर गाळलेली. बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. आम्ही दाराबाहेर.

"ये जर्नल है मैडम, कॉलेज की मैगज़ीन नहीं."

"तो मेरा नाम भी निकालिए."

संपादकांना त्यांनी तसं लेखी कळवलं. त्यानंतर त्यांना ना प्रकल्प मिळाला, ना बढती. बाकीचे सहकारी त्यांच्या शेजारी बसायचंही टाळू लागले. सलीमने पुढचं शिक्षण सोडून गुडगावात नोकरी धरली. "क्या फ़ायदा, यार," म्हणाला.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. म्हातारे झालेले प्रमुख काठी टेकत बोलायला उठले. "बच्चों को रिसर्च में लाना मेरा और मैडम का साझा सपना था..." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! हरप्रीत उभी राहिली. "सर, उन चार बच्चों में से किसी एक का नाम बता दीजिए." ते काठी सावरत खाली बसले. मग कुणीतरी घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं.

तिथून हरप्रीत आणि मी बाईंच्या फ्लॅटवर गेलो. त्यांच्या धाकट्या बहिणीने अभ्यासाची खोली उघडून दिली. टेबलाशी खुर्ची नव्हती, लांब लाकडी बाक होता. विद्यार्थी समोर नको, शेजारी बसायला हवा, म्हणून बाईंनी तो मुद्दाम करून घेतला होता, असं बहीण म्हणाली. इतक्या वर्षांत त्यावर शेजारी कुणी बसलं नाही. एका कडेचं पॉलिश तेवढं उडालं होतं, दुसरी कड नवीकोरी. "कुणी नेता का गं? फ्लॅट विकायचाय."

आम्ही हाताने मापं घेतली. दोघींच्याही घरात तो मावणार नव्हता.