एक स्टॉप जास्त

कार्डिफच्या एका इस्पितळात मी रोगांचे फोटो काढायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्याआधी पुण्यात काकांच्या स्टुडिओत लग्नाच्या मुलींचे काढत असे. तिथला पहिला धडा: मुलगी सावळी असेल तर लेन्स एक स्टॉप जास्त उघडायची, म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड पडतो, आणि दिवा समोरून, पांढऱ्या कापडाआडून द्यायचा. वधूपिता खूश. हा धडा इतका गिरवला होता की हात आपोआप तसे चालत.

इस्पितळाच्या कँटीनमध्ये जेवण वाढणारी एक नायजेरियन बाई माझी मैत्रीण होती. "फोटोवाल्या, चिप्सवर व्हिनेगर घे आज. मिरची मागून मला रडवू नकोस." हे रोजचं. त्या हिवाळ्यात तिला ट्रे उचलेना. बोटं सुजलेली, अंगात ताप, नाकावर आणि दोन्ही गालांवर चट्टा. एका तरुण डॉक्टरीणबाईंना ल्यूपसची शंका आली. यात शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते, पुढे मूत्रपिंडं जातात. लवकर ओळखलं तर आवरता येतो. चट्टा आहे तोवर फोटो घ्या, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती लिपस्टिक लावून आली. "नीट काढ. एक आईला पाठवायचाय."

मी नीट काढला. स्लाईड पाहून ती हसत सुटली. "ही कोण? आई म्हणेल, वेल्सच्या पावसानं पोरीचा रंगच धुऊन नेला!" तिला प्रिंटही करून दिली. मला बरं वाटलं. इतकं, की चट्टा कुठे गेला हे मी पाहिलंच नाही.

बुधवारी विभागाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांची सभा भरे. पुढे त्यांचा बो टाय, मागे हुद्द्याप्रमाणे बाकीचे, सगळ्यात शेवटी प्रोजेक्टरपाशी मी. रक्ताची खास तपासणी, मूत्रपिंडाचा तुकडा काढणं, काहीही साहेबांच्या सहीशिवाय होत नसे. चट्टा तोवर विरला होता. भिस्त स्लाईडवर.

"कुठाय तुमचं फुलपाखरू?" साहेबांनी विचारलं. ल्यूपसच्या नाकागालांवरच्या चट्ट्याला डॉक्टर फुलपाखरू म्हणतात; पाठ्यपुस्तकातलं गोऱ्या गालांवर बसलेलं, लालबुंद. "शिवाय आफ्रिकन लोकांत ल्यूपस जवळजवळ नसतोच."

पुस्तकात तसं होतं खरं. तिथे तो शोधायला कोण गेलं होतं, ते पुस्तकात नव्हतं.

"सर, मी स्वतः पाहिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलाय. कॅमेऱ्यानं नाही."

सगळे हसले. पडद्यावर तो चेहरा भला मोठा, लख्ख उजळ होता. चट्टा कुठे गेला ते आता मला कळलं होतं: माझ्याच जास्तीच्या उजेडात. बोलायला हवं होतं. मी बटण दाबून पुढची स्लाईड लावली.

तिला सांधेदुखीच्या गोळ्या मिळाल्या, आणि विश्रांतीचा सल्ला. "माझ्या मावशीलाही असंच झालं होतं," ती म्हणाली. "तिकडे म्हणाले, कुणीतरी करणी केलीय. इकडे म्हणतात, थकवा. शिकलेली माणसं आहेत ना इकडची." मावशीचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात तिचे पाय सुजले, चट्टा परत उठला. या वेळी दिवा बाजूने लावला, जास्तीचा स्टॉप काढून टाकला. जांभळट चट्टा, कडा उठलेल्या, आंधळ्यालाही दिसावा असा.

"पहिला फोटो मी बिघडवला होता," मी सांगून टाकलं.

"आईला तो फार आवडला रे," एवढंच ती म्हणाली.

साहेबांनी तपासण्यांवर सही केली. ल्यूपसच निघाला. मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती. ती डायलिसिसवर असतानाच साहेबांची व्याख्यानं सुरू झाली: काळ्या त्वचेवरचा चट्टा ओळखायला शिका. पडद्यावर माझी दुसरी स्लाईड, ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. टाळ्या पडत. प्रोजेक्टर मीच चालवत असे.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. अंत्यविधीसाठी फोटो हवा म्हणून तिची बहीण माझ्याकडे आली. "आईकडे आहे ना, तोच मोठा करून द्या. त्यात ती आजारी दिसत नाही."

डार्करूममध्ये मी आधी तो गडद करून पाहिला, मग आणखी गडद. चेहरा काळवंडला, लिपस्टिक काळी झाली. चट्टा काही उमटला नाही. तो फिल्मवर कधी आलाच नव्हता.

शेवटी बहिणीने मागितला होता, तसाच उजळ करून दिला.