साडूभाऊंचे पळस

गुलमोहराशी उभा दावा मांडणारा माणूस अख्ख्या आदिलाबादेत एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्युनिसिपालटीत ते ओव्हरसियर होते. रस्त्यानं चालताना झाडांची कुळं काढायचे. "हा कडुनिंब आपला. ही निलगिरी बाहेरची, फुकटात पानी पिऊन राह्यली." आणि गुलमोहर? "नुस्ता फोटोत उभा राहाच्या कामाचा!" मुधोळच्या एका लग्नात प्लास्टिकच्या पत्रावळी पाहून त्यांनी पिशवीतून पळसपानांच्या दोन पत्रावळी काढल्या. एक स्वतःपुढे मांडली, दुसरी माझ्यापुढे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! पण वाढप्यांनी आम्हाला कडक सोवळ्यातले समजून तुपाची धार चांगली लांब धरली, तेव्हापासून मी त्यांच्या वेडाला नावं ठेवणं सोडलं.

तेव्हा आम्ही आंध्रात, सगळे मोठे हुकूम हैदराबादहून यायचे. तलावामागच्या सरकारी गायरानाचं काय करायचं यावर म्युनिसिपालटीत खल चालला होता. बहुतेकांना दुकानांचे गाळे हवे होते. साडूभाऊंनी दरखास्त दिली की तिथं पूर्वी होतं तेच रान पुन्हा उभं करावं: पळस, मोह, चारोळी, बिबा. सभा खो खो हसली. "अवो, रान तोडून गाव वसवलं, आता गावात रान लावता का?" पण ह्यांच्या हट्टापुढे कोणाचं चालणार! चार पावसाळ्यांची मुदत मिळाली. मग हैदराबादचे साहेब मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, येणार. झाडं जगली असतील तर रान, नाहीतर गाळे.

मग काय विचारता! उटनूरकडच्या गोंड म्हाताऱ्यांना विचारून ते बिया आणायचे, म्हातारे सांगतील तसे खड्डे खणायचे. कुणाची शेळी गायरानात शिरली की मालकाच्या ओसरीवर ठाण मांडायचे आणि चहा पीत पळसाचे गुण सांगायचे. तिसऱ्या चहानंतर लोक आपणहून शेळ्या बांधू लागले. चौथ्या वर्षी पळस छातीला लागले.

मुआयना ठरला पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी. आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाची फांदी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे "घेऊन जाय रे मारबत" ओरडत गावाबाहेर टाकतात, म्हणजे घरातली इडापिडा जाते. हे साडूभाऊंना जन्मापासून ठाऊक. पण झाडांच्या नादात साफ विसरले! पोळ्याच्या दिवशी त्यांची ड्युटी मैदानावर, बैलांच्या रांगा लावायला. संध्याकाळी आम्ही दोघं गायरानात गेलो, तर पळसांचे नुसते खुंट.

घरी परतताना दर दाराशी त्यांचाच पळस. फांदी पाहून ते ओळखत होते. "हा तिसऱ्या रांगेतला. हा तलावाकडचा, याले मी शेणखत घातलं व्हतं." माझं घर आलं तेव्हा मी त्यांना पलीकडची म्हैस दाखवली. शेवटी त्यांचं घर आलं, आणि गावातली सगळ्यात दांडगी फांदी त्यांच्याच दाराशी!

"अवो, काऊन तणतण करून राह्यले?" आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून आल्या. "चार वर्षं तुमीच सांगून राह्यले ना, का हे झाड आपलं हाये? आपलं हाये म्हनून तर आनलं. गुलमोहर कोन ठेवते दाराशी?"

साडूभाऊ पायरीवर बसले. डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही.

साहेब आले तोवर खुंटाखुंटाला कोंब फुटले होते. झाडं कुणी तोडली, असं त्यांनी तेलुगूत दरडावून विचारलं. साडूभाऊंनी खरं ते सांगितलं: "सगळ्या गावानं तोडली, एक फांदी माझ्याही घरी होती." साहेब एकेका कोंबापाशी वाकले, हसले, आणि तोडूनही झाडं जगलीच आहेत म्हणत रान मंजूर केलं.

पुढं दर पोळ्याला साडूभाऊ स्वतः कोयता घेऊन गायरानात उभे राहायचे. "एका घराले एकच! अन् शेंड्याले हात लावाचा नाही!" लोक शिव्या खात हसत हसत फांदी न्यायचे. मीही खाल्ल्या.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवाच्या पोळ्याला गायरानात गेलो. पळस डोक्यावर गेलेत, अडवायला कुणी नाही. हवी ती फांदी तोडता आली असती. माझ्याच्यानं एकही तोडवेना.