मापाड्याचा हात

कळंबच्या बाजारात सिद्रामप्पा मापाडी धान्य मोजायचा आणि माणसं मारायचा. दोन्ही कामांत हात सारखाच चालायचा. फरक एवढाच, की पहिल्याची मजुरी मिळायची. कुणाला दारूची ओढ असते, कुणाला पत्त्यांची; त्याला समोरच्याच्या थोबाडाची होती. मारून झालं की दिवसभर तो देवमाणसासारखा वागे, गाढवालासुद्धा 'बाबा' म्हणे.

एकदा मेव्हण्यानं, रेवणसिद्धानं, जेवताना आमटी पाणचट आहे म्हटलं. सिद्रामप्पानं परात उचलून हाणली. कड लागून रेवणसिद्धाचा एक डोळा गेला. बायको रुद्रम्मा त्याच पावली भावाबरोबर माहेरी निघून गेली, आणि बायकोवाचून या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही हे पुढच्या वर्षभरात त्यालाही कळलं, बाजारालाही. शेवटी मठाचे स्वामी मध्ये पडले. सिद्रामप्पानं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शपथ वाहिली, की पुन्हा कुणावर हात उचलणार नाही.

"उचललात तर म्या जाईन," रुद्रम्मा म्हणाली. "मग स्वामी काय, खुद्द महादेव बोलवायला आला तरी यायची न्हाय."

शपथेची बातमी बाजारभर झाली आणि ज्यांनी ज्यांनी त्याचा मार खाल्ला होता ते सगळे वसुलीला येऊ लागले. रेवणसिद्ध तर दर बाजारी समोर बैठक मारी.

"काय दाजी, शिवशिवतोय का हात? ह्यो एक डोळा राह्यलाय बघा. लई दिस झालं, खाजतोय."

लोक हसत. सिद्रामप्पा उजवा हात समोरच्या राशीत कोपरापर्यंत खुपसे, आत मूठ आवळे आणि शिवशिव ओसरेपर्यंत तसाच बसे. त्याचा हात राशीत गेला की शहाणे शेतकरी बैल सोडून लांब बांधत. अशी वर्षं गेली. माणूस सुधारला, असं बाजार म्हणू लागला. सिद्रामप्पाला स्वतःला तसं काही जाणवत नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य पडलं. रझाकारांनी मुलूख छळला होता. आता रझाकार पळाले होते आणि हाताशी सापडतील ते नुसते मुसलमान होते. जन्मात मुंगी न चिरडलेली माणसं कुऱ्हाडींना धार लावून बाहेर पडली. अख्ख्या मुलखाला सिद्रामप्पाचा रोग जडला. शपथ तेवढी एकट्या सिद्रामप्पाला होती.

बाजारात नव्या मुगाच्या राशी पडल्या होत्या. बाबामियाँ पिंजाऱ्यानं रझाकारांना वर्गणी नाकारून त्यांच्याही काठ्या खाल्ल्या होत्या. त्याला रेवणसिद्धानं दाढीला धरून फरफटत आणलं. मागं दहा-वीसजण.

"रझाकार घावला!"

"अरे, मी पिंजारी रे! तुझ्या लग्नाची गादी मीच भरली की!"

रेवणसिद्धानं कुऱ्हाड उलटी करून तिचा बोथट तुंबा त्याच्या खांद्यात घातला. हाड वाजलं. म्हाताऱ्याच्या तोंडातलं रक्त मुगावर उडालं. सिद्रामप्पाचा हात केव्हाच राशीत गेला होता.

"दाजी, तुमी मोजा," रेवणसिद्ध हसला. "म्या किती घालतो ते मोजा. शपथवाल्या माणसानं मोजावं!"

हात बाहेर निघाला तो राशीत रुतलेलं पायलीचं लोखंडी माप घेऊन. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात.

"लाभ!" रेवणसिद्धाचे पुढचे दात गेले. "दोन!" कुऱ्हाड गळून पडली. "तीन!" नाक आडवं झालं. तेवढ्यात बाबामियाँ राशींच्या आडून रांगत निसटला. बाकीचे मागं सरले; उलट मारणारी माणसं त्यांच्या हिशेबात नव्हती.

सिद्रामप्पा मोजत राहिला. सावकाश, एकही आकडा न गाळता. इतक्या वर्षांचा उपास सुटावा तसं त्याचं अंग सैल झालं, डोळ्यांत पाणी आलं. पायली चेपली तेव्हा तो थांबला. मेव्हणा जिवंत होता, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

सांजेला सिद्रामप्पाच्या घराचा ओटा माणसांनी भरला. बाबामियाँचा जीव वाचवला, केवढा धर्मात्मा, असं जो तो म्हणत होता. त्यात सकाळी कुऱ्हाडी घेऊन फिरलेलेही होते. धर्मासाठी मोडली ती शपथ मोडली असं होत नाही, असा स्वामींनी निर्वाळा दिला. रुद्रम्मानं सगळ्यांना गूळपाणी दिलं, वाटेला लावलं आणि दार लोटलं.

"बाबामियाँ निसटला तवा मोजणी कुठवर आलती?"

"तिनावर."

"तेवढं माफ. आन् फुडचं कुणासाठी?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती. सबंध बाजार त्याच्या वतीनं ते बोलतच होता.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "लई गोड लागलं गं."

रुद्रम्मानं दोन लुगडी बांधली. भावाचा जबडा बांधायला, पेज भरवायला माणूस लागणारच होतं. उंबऱ्यात ती थांबली.

"दुसऱ्या डोळ्याला न्हाय ना लागलं?"

"न्हाय. तो म्या चुकवला."

"सांगते त्याला," म्हणून ती गेली.

सिद्रामप्पानं कणगीचं झाकण काढलं आणि हात आत घातला. ज्वारी तळाला गेली होती, बोटंसुद्धा बुडेनात.