गुनवोरचा नंबर

गुनवोरला मी किती ओळखत होतो? फारच थोडं. फियोर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांतल्या चिंचोळ्या खाडीकाठच्या, सॅमन माशांच्या केंद्रात पिल्लांच्या टाक्यांवर आम्ही सतरा वर्षं एकत्र होतो, पण तिच्या आईचं नाव मला पेपरातल्या निधनवार्तेतून कळलं.

टाकीतला ऑक्सिजन घटला की पाळीवाल्याला आपोआप फोन लावणारी संगणकावरची शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटी आज्ञावली, तिनेच लिहिली होती. ज्याची पाळी, त्याने सकाळी तक्त्यात आपला नंबर भरायचा. तो स्क्रिप्टमधल्या एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नंबरासाठी राखलेल्या जागेत, जायचा. कुणी विसरलंच तर, म्हणून तिने व्हेरिएबलपुढे कोलन, आडवी रेघ आणि स्वतःचा नंबर लिहून ठेवला होता. रकाना रिकामा असला, की फोन गुनवोरला.

हे कळल्यावर आम्ही भरायचंच सोडलं.

ऑक्टोबरात तिची आई शेवटाला आली. गुनवोरने त्या रेघेच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. आता नंबर नसला तर स्क्रिप्ट 'पाळी कोणाची?' असं विचारून तिथेच थांबायची.

सोमवारी कॉफीच्या वेळी आमचा साहेब शेतिल उखडला. "अगं बाई, ती स्क्रिप्ट थांबली तर टाक्यांकडे बघणार कोण? दोन लाख पिल्लं आहेत!"

"मग नंबर भरा. बोटं झडलीत का सगळ्यांची?"

"ह्यांच्या भरवशावर? ह्या अर्नफिनला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही!"

सगळे हसले. अर्नफिन म्हणजे मी. मीही हसलो.

"चार दिवस आईजवळ बसू दे रे, शेतिल. फोन बंद ठेवून."

"बस की. पण ती रेघ होती तशी कर."

तिने केली. निघताना आम्हाला म्हणाली, "भराल ना?"

बुधवार माझा होता. मी विसरलो नव्हतो, हे लिहायलाच हवं. नंबर भरला नाही; म्हटलं, गुनवोर आहेच.

संध्याकाळी मी घरी बटाटे सोलत असताना केंद्रातला ऑक्सिजनचा पंप अडकला. फोन गुनवोरला गेला; तिने तो बंद केलाच नव्हता. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभं राहून तिने टाक्यांपाशी धावलेल्या शेतिलला फोनवरून वीस मिनिटं एकेक झडप सांगितली. पिल्लं वाचली. ती खोलीत परतली तेव्हा आई गेली होती.

बुधवार कोणाचा, हा विषय तिने कधी काढला नाही. डिसेंबरात तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तिच्या गाडीपाशी गेलो.

"घाटात बर्फ आहे," मी म्हणालो.

"खिळ्यांचे टायर घातलेत."

"मग ठीक."

"हो. येते."