पाठीमागचं

परदेशातल्या विमानतळावर परतीच्या विमानाला उशीर झाला, तशा आमच्या खो-खोच्या मुली सरळ जमिनीवरच बसल्या. एकीचं तोंड काचेकडे, तर तिच्या शेजारणीचं दुकानांकडे. मैदानात बसतात तशीच उलटसुलट रांग.

“अगं, एकमेकींकडे बघून गप्पा तरी मारा!” मी म्हटलं.

“सवयच झालीय, मॅडम,” टोकाची सायली म्हणाली. “माझ्या पाठीमागचं हिला दिसतंच की.”

बारा आयांनी विश्वासाने सोपवलेल्या मुली. आठ दिवस जिवाला नुसता घोर होता. रस्ता ओलांडला की मी आधी डोकी मोजायचे. या मात्र सगळा वेळ एकमेकींच्या पाठीमागे लक्ष ठेवून होत्या.

सायलीचं तोंड दुकानांकडे होतं. मी तिच्या शेजारी काचेकडे तोंड करून बसले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच निवांत डोळे मिटले.