एकशे आठवर कोण राहतं?

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की आधी पाणी मागतात. आमचे थोरले साडू वायफायचा पासवर्ड मागतात, आणि असा दुसरा माणूस शिवडीपासून गिरगावापर्यंत कुणी दाखवला तर मी माझं दुकान त्याच्या नावावर करीन. पासवर्ड मिळाला की ते मांडीवर लॅपटॉप घेतात, त्यात एक काळी खिडकी उघडतात आणि माउसला बोटही न लावता एकेक हुकूम टाइप करतात. पांढऱ्या अक्षरांत भराभर उत्तरं येतात आणि साडू ती कुंडलीसारखी वाचतात: या घराचा पत्ता काय, बाहेर जायचा दरवाजा कुठला, आत कोण कोण बसलंय. नेटवर काय बघायचं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. नेट आलं कुठून, एवढंच हवं असतं. फोर्टातल्या एका कचेरीचं नेटवर्क सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर त्यांनी नातेवाइकांची नेटवर्कं सांभाळायला घेतली, कुणी सांगितलेलं नसताना.

भाचीसाठी माझगावला स्थळ बघायला गेलो तेव्हा बाकीचे मुलाचा पगार आणि घराच्या खोल्या बघत होते. साडूंनी कोपऱ्यात बसून खिडकी उघडली आणि पोहे येईपर्यंत निकाल दिला, "पासवर्ड कठीण आहे, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवलंय. मुलगी द्यायला हरकत नाही." मुलगी दिली, सुखात आहे. आमच्या सत्यनारायणाला मात्र त्यांनी भर पंगतीत विचारलं, की शेठ, तुमच्या नेटवर दोन टीव्ही दिसतायत, दुसरा कुणाचा? वरच्या मजल्यावरच्या काकू शिऱ्याचा द्रोण तसाच ठेवून उठल्या. मी वयाने लहान असूनही ते मला शेठ म्हणतात. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. अगदीच काम नसलं तर परदेशातल्या एखाद्या मशीनला हाक मारायची आणि ती हाक कुठल्या कुठल्या ठाण्यांवरून जाते ते आम्हाला ऐकवायचं, जणू घरचं माणूस एसटीने मालवणला निघालंय. मध्ये एखाद्या ठाण्यावरून उत्तराऐवजी पडद्यावर नुसत्या चांदण्यांच्या खुणा येतात. तिथे ते म्हणतात, "हा बोलत नाही, पण वाट अडवत नाही. असतात अशी माणसं."

आता माझं दुखणं सांगतो. डिलाईल रोडला माझं बॅनर छापायचं दुकान आहे. बापाने दिलेलं नाही, खांद्यावरून कापडाचे तागे वाहून उभं केलेलं. गणपतीच्या तोंडावर, मंडळांची कामं डोक्यावर असताना, दुकानातलं नेट सारखं तुटायला लागलं. मी नेटवाल्याला बोलावलं आणि जो फैलावर घेतला तो असा, की वर्षभर फुकट जोडणी द्यायला तो तयार होत आला होता. सौद्यात आधी तोंड उघडतो तो हरतो. म्हणून मी शेवटचं ओरडून गप्प बसलो होतो. नेटवाला आपल्या मालकाला विचारायला फोन कानाला लावतो आहे, तेवढ्यात सकाळपासून कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेले साडू बोलले. म्हणाले, यांची लाइन धडधाकट आहे, शेठ. तुमचा जुना कॉम्प्युटर आणि नवा प्रिंटर, दोघांना नेटवर्कवरचा एकच नंबर कुणी दिला? एका खोलीत दोन भाडेकरू. एक आत शिरला की दुसरा बाहेर.

नंबर मीच द्यायला लावला होता. जुन्या कॉम्प्युटरचा नंबर एकशे आठने संपतो आणि त्याच्यावर दुकानाची बरकत झाली. नव्या मशीनला तोच हवा असं मी प्रिंटर बसवणाऱ्याला बजावलं होतं. एकशे आठबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. नेटवाल्याने हसत फोन खिशात टाकला आणि निघून गेला. मी साडूंना विचारलं, "भाऊ, तुम्ही कुणाच्या बाजूने बसला होता?"

"मशीनच्या," ते म्हणाले.

"मग चहाही मशीनकडेच प्या. या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका."

त्यांनी प्रिंटरला एकशे नऊ नंबर दिला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेले. त्या दिवसापासून नेट एकदाही तुटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

विसर्जन झालं, कामगार गावी गेले आणि मी तापाने पडलो. दुकान बंद. सकाळीच बेल वाजली. दारात साडू, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चप्पल न काढताच त्यांनी बायकोला विचारलं, "शेठ कुठे आहेत?" आत झोपलेत म्हटल्यावर ते दारातल्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा पासवर्डाऐवजी पाणी मागितलं. मी दुकानात गेलो नाही हे भावोजींना कळलं कसं, असं बायकोने विचारल्यावर उलगडा झाला. कामगारांवर नजर ठेवायला दुकानात कॅमेरे लावले तेव्हा बाहेरून हाक मारता येईल असा नेटचा कायमचा पत्ता त्यांनीच घेऊन दिला होता. मी दुकान बंद करताना मेनस्विच पाडतो, ही माझी जुनी सवय. म्हणजे सकाळी उत्तर आलं की मी आलो. भांडणानंतर रोज सकाळी ते काळ्या खिडकीतून दुकानाला हाक मारत होते.

"उत्तर आलं की समजायचं, शेठ आले, आता कुणावर तरी ओरडतायत. मग मी चहा घेतो," ते म्हणाले. "आज आलंच नाही."

"फोन करायचा," मी आतून म्हणालो.

"तुम्ही उचलला नसता. मशीन उत्तर देतं."

त्यावर मी कूस बदलली. दुसरं काय करणार?

आता ते घरी येतात, पण दुकानाची पायरी अजून चढलेले नाहीत. मी या म्हटलेलं नाही, त्यांनी येऊ का विचारलेलं नाही. सुट्टीच्या दिवशीही मी सकाळी डिलाईल रोडला जाऊन मेनस्विच वर करतो. बायकोला सांगतो, काम आहे. साडू अलीकडे थकलेत, जिना चढताना कठड्याला धरतात, आणि माझ्या मनात येतं की हाक नेहमी तिकडूनच येते. इकडून त्यांना हाक मारायची झाली तर काय टाइप करायचं, ते मला येत नाही. त्यांनाच विचारायला हवं. पण सौद्यात आधी तोंड उघडतो तो हरतो.

म्हणून सकाळी मी राउटरसमोर जरा थांबतो. हिरवा दिवा लुकलुकत असतो, त्यातली त्यांची हाक कुठली ते कळत नाही. दुकानात कुणी नसलं तर मी हळूच म्हणतो, "आलोय, भाऊ. चहा घ्या."